हवेचं भंगार

फुटकी बादली, गंजलेली कढई, बंद पडलेला मिक्सर, भंगारवाला कशालाच नाही म्हणत नाही. पण टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल पुढे केला की मान हलवतो. "हे राहू द्या, ताई." त्याचंही बरोबरच आहे. थर्माकोलमध्ये 98 टक्के हवा. एक घनमीटरचा ढीग काट्यावर ठेवला तर जेमतेम 15-20 किलो भरेल. टेम्पोभर नेला तरी डिझेलचे पैसे सुटायचे नाहीत.

मुळात हे पॉलिस्टायरीन नावाच्या प्लास्टिकचे बारीक मणी. त्यांच्या पोटात पेंटेन हा चटकन वायू होणारा पदार्थ असतो, वाफ लागली की मणी लाह्यांसारखे फुलतात. म्हणजे रिसायकलिंगचं पहिलं काम ही हवा काढण्याचं. भरडून, तापवून, दाबून त्याचे चांगले जड ठोकळे करतात आणि त्यांपासून फोटोफ्रेमच्या पट्ट्या बनतात. देवघरातल्या तसबिरीची 'लाकडी' चौकट पूर्वाश्रमी कुणाच्या तरी फ्रीजच्या खोक्यात असू शकते!

आपल्याकडून अपेक्षा फार नाहीत. थर्माकोल कोरडा हवा, स्वच्छ हवा, चिकटपट्टी काढलेली हवी. आणि अखंड हवा. इथेच घोडं पेंड खातं, कारण डब्यात मावत नाही म्हणून तो कडाकड मोडण्यात एक आसुरी आनंद असतो. मग मणी सुटतात, झाडूला चिकटतात, सुपलीत जाता जाता परत फरशीवर येतात. तिथे ओलं फडकंच हवं. जाळायचा विचारही नको. काळा धूर निघतो आणि तो घातक असतो.

मखरांची गोष्ट वेगळी. 2018 मध्ये राज्यात बंदी आली, 1 जुलै 2022 पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर. पण माळ्यावरचे जुने महाल अजून आहेतच. सोनेरी रंग, टिकल्या, गोंद यांनी मढवलेला तो माल रिसायकलिंगवाल्यांना नकोसाच. खोक्यातला पांढराशुभ्र मात्र चालतो, तोही भरपूर साठला तर.

म्हणून आमच्या सोसायटीत तो एकत्र साठवायचं ठरलं. जिन्याखाली ठेवावा तर पटकन पेट घेतो, गच्चीवर ठेवावा तर वाऱ्याने शेजारच्या इमारतीत जातो. बऱ्याच वादानंतर जुन्या सायकलींच्या खोलीवर एकमत झालं. त्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे, हा विषय पुढच्या सभेत आहे.