मागून येतोय

आज दुपारी खोटं बोलले. तेही अशा माणसाशी, ज्याच्याशी पुन्हा गाठ पडायची नाही. (म्हणजे, तसं वाटलं होतं.)

वॉशिंग्टनजवळच्या जुन्या सी अँड ओ कालव्यावर, रायलीज लॉकला (लॉक म्हणजे बोटी वर-खाली करायचा दरवाजांचा हौद) गाडी लावली तेव्हा दीड वाजला होता, पारा २८ फॅरनहाइटवर. टोपाथ, म्हणजे कालव्याकाठची वाट, कडक गोठलेला. चिखलातले जुने टायरचे चर दगडासारखे झालेले, त्यात सायकलचं चाक सापडलं की कुठे जायचं ते हँडलच ठरवतं. इथून पुढे कालव्यात पाणी नाहीच, नुसता लांबच लांब खड्डा आणि त्यात वाढलेली झाडं. डावीकडे पांढरेफटक सिकमोर वृक्ष, त्यांच्यामागे पोटोमॅक नदी.

हॉर्सपेन ब्रँचच्या कॅम्पपाशी थांबले. हातपंपाचा दांडा नोव्हेंबरात काढून ठेवतात, तो एप्रिलात परत लावतात, हे मला दहा वर्षं माहीत आहे. तरी बाटलीचं झाकण उघडून पंपासमोर उभी. तेवढ्यात समोरून तो कुत्रावाला आला. पासष्टीचा असेल. कुत्रं त्याहून म्हातारं, तोंड पांढरं झालेलं.

"एकट्याच?"

"नाही, नवरा येतोय मागून."

कशाला? भीती म्हणावी, तर त्या कुत्र्याला धड बसताही येत नव्हतं आणि माणूस त्यालाच धीर देत होता. मग लाज? एकटीने सायकल चालवण्याची कसली लाज? उत्तर इतकं पटकन आलं, जणू तोंडात तयारच होतं. त्याचंच वाईट वाटतंय.

पुढचे पाचेक मैल हा, माझा नवरा, डोक्यात बोलत राहिला. कोरडा कालवा दिसला की याची टेप सुरू. ४ जुलै १८२८, अध्यक्ष ॲडम्सनी कालव्याचं पहिलं फावडं मारलं ते झाडाच्या मुळावर, मग कोट उतरवला. त्याच दिवशी तिकडे बाल्टिमोरला रेल्वेचा पहिला दगड. रेल्वे कंबरलंडला, जिथे कालवा शेवटी संपला तिथे, पोचली १८४२ मध्ये, कालवा १८५० मध्ये. १८४.५ मैल, ७४ लॉक, आणि जायचं होतं ओहायो नदीपर्यंत! दर वेळी मी म्हणायचे, माहितीये रे, पेडल मार.

मागून कसला येतोय. तो तर साडेदहा तास पुढे आहे. मी इथे चर चुकवत होते तेव्हा पुण्यात मध्यरात्र उलटलेली, सासूबाईंना कुशीवर वळवायची वेळ. मार्चचं तिकीटही आता... असो.

एडवर्ड्स फेरीला लॉकहाउसपाशी टेकले. डिंकाचा लाडू इतका कडक झाला होता की दाढेची काळजी वाटली. इथल्या डेंटिस्टचं बिल आठवून तो चहात बुडवला. तेव्हा सुचलं, या वाटेवरून खेचरं चालायची, त्यांना हाकायला बोटवाल्यांची पोरं, आणि मागे लांब दोराला बोट. म्हणजे टोपाथवर जो पुढे चालतो त्याच्या मागून काहीतरी येतच असतं. घटकाभर बरं वाटलं. मग हसूच आलं. खोटं बोलायचं ते बोलायचं, वर त्याला इतिहासाचा टेकू!

परत आले तेव्हा उन्हं उतरली होती. सेनेका क्रीकवरचा लाल दगडाचा पूल ओलांडते तो पार्किंगमध्ये कोण? तोच. कुत्र्याला उचलून ट्रकमध्ये ठेवत होता.

"अहो, मला तर वाटेत कुणीच भेटलं नाही," तो खरोखर काळजीत होता. "रेंजरला फोन लावू का?"

आता आली का पंचाईत! म्हटलं, "पंक्चर झालं त्याचं. अर्ध्यातून घरी गेला."

"तुम्हाला एकटीला टाकून?"

"छे हो, टाकून नाही. मीच म्हटलं जा."

दिवसभरात त्याच्याशी बोललेलं हे एकच वाक्य खरं. बोलले, आणि घाईघाईने हेल्मेटचा पट्टा सोडवत बसले. तो निघेना, मी सायकल रॅकवर चढवून होईपर्यंत ट्रक चालू ठेवून थांबला.

रात्री याला सगळं सांगितलं. तिकडे सकाळ, मागे कुकरची शिट्टी. आधी खूप हसला. मग जरा वेळ काहीच नाही.

"पंक्चर पुढच्या चाकाचं की मागच्या?"

मागच्या, म्हटलं.