तुम्ही विचारलंत म्हणून: फ्रीजसाठी वेगळं रांधायचं कशाला?

“रात्रीचं उरलेलं ठेवत जा ना तिथे. फ्रीजसाठी वेगळं रांधायचं कशाला?” भिशीत, लग्नकार्यात, भाजीच्या ठेल्यापाशी, कुठेही भेट झाली की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. घरात दोन पोळ्या, वाटीभर भाजी उरते, टाकताना जीव हळहळतो, आणि इकडे रस्त्यावर एक फ्रीज उभा आहे. मग या दोघांची गाठ का घालू नये, असं त्यांना वाटतं. उभ्या उभ्या दिलेलं उत्तर नेहमी अर्धवट राहतं, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

ज्यांनी हा फ्रीज पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नागपुरात मेडिकलकडे, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याकडे, जाणाऱ्या रस्त्यावर एका दुकानाच्या ओट्यावर काचेच्या दाराचा साधा फ्रीज आहे. ज्याला द्यायचंय त्याने आणून ठेवायचं, ज्याला हवंय त्याने कुणाला न विचारता घ्यायचं. कुलूप नाही, नाव लिहायची वही नाही. वीज दुकानदार देतात, पुसणं-धुणं आम्ही काही घरं मिळून करतो.

ही कल्पना आली ती अन्न वाया जाऊ नये म्हणूनच. जर्मनीत 2012 पासून अशी कपाटं आणि फ्रीज सुरू झाले, स्पेनमधल्या गाल्दाकाओ या गावात 2015 मध्ये रस्त्यावर फ्रीज लागला. आपल्याकडे 2016 मध्ये कोचीतल्या एका रेस्टॉरंटने दाराबाहेर फ्रीज ठेवला तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे 2022 या एका वर्षात जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातला साधारण 60 टक्के भाग घराघरांतला होता. तेव्हा उरलेल्याची काळजी करणारे लोक चुकीचं काही बोलत नाहीत. पण आमच्या फ्रीजचं दार कोण उघडतं, ते पाहिलं की उत्तर बदलतं.

मेडिकलला माणसं येतात ती गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाहून. छिंदवाडा, बालाघाट, शिवनीहूनही येतात. पेशंटला आत जेवण मिळतं. सोबत आलेल्या माणसाचं मात्र त्यालाच पाहावं लागतं. दोन दिवसांत परत जाऊ म्हणून निघालेली माणसं पंधरा-पंधरा दिवस अडकून पडतात. औषधं, तपासण्या, येण्याजाण्याचं भाडं यात खिसा रिकामा होतो आणि पहिली काटछाट स्वतःच्या जेवणात होते. सकाळी चहा-बिस्किट, संध्याकाळी जमलं तर एक प्लेट पोहे. ही माणसं गावाकडे दुसऱ्यांना जेवू घालणारी असतात. धानाची बांधी (भाताचं शेत) असते, दारात गाय असते. वाटपाच्या रांगेत उभं राहायला त्यांचे पाय उचलत नाहीत. फ्रीजपाशी मात्र ती येतात, बहुतेक अंधार पडल्यावर.

एका संध्याकाळी मी डबे लावत असताना एक बाई आली. हातात दवाखान्याची फाईल, पदराच्या टोकाला बांधलेली गाठ. तिने एक डबा उचलला, दोन बोटांनी झाकण थोडं वर केलं, नाकाशी नेऊन वास घेतला आणि पुन्हा बंद केलं. दुसरा उचलला, तसंच केलं. मग माझ्याकडे पाहून विचारलं, “बाई, हे आजचं हाय का?” मी म्हटलं, “आजचंच आहे, दुपारी केलंय.” तिने मान हलवली, दोन डबे घेतले आणि गेली. मी तिथे होते म्हणून ती विचारू शकली. एरवी तिथे कुणीच नसतं. आपल्या घरात उरलेली भाजी कधीची, कितीदा गरम केलेली, दुपारभर ओट्यावर होती की फ्रीजमध्ये, हे आपल्याला ठाऊक असतं. त्या हिशेबाने आपण ती खातो किंवा टाकतो. फ्रीजमधून डबा उचलणाऱ्याकडे फक्त त्याचं नाक असतं. आणि तो आजारी पडला तर आत पलंगावर असलेल्या माणसाकडे पाहायला दुसरं कुणी नसतं.

म्हणून आमच्या घरी फ्रीजचा वाटा आधी निघतो. कढई उतरली की त्यातूनच, आमच्या ताटात वाढण्याआधी. त्यांच्यासाठी निराळा, कमी तेलाचा, कमी प्रतीचा स्वयंपाक होत नाही. आम्ही जे खातो तेच, फक्त काय करायचं ते फ्रीजकडे पाहून ठरतं.

या ठरवण्यातच खरा विचार लागतो. फ्रीजशेजारी शेगडी नाही, त्यामुळे ठेवलेलं अन्न थंडच खाल्लं जाणार. ताट-वाटी नाही, कधी हात धुवायलाही पाणी नसतं. वरण-भात आपल्या जिवाचा, पण थंड वरण घट्ट होऊन बसतं आणि चमच्याशिवाय खाता येत नाही. कढी, रस्सा, उसळ ही सगळी त्याच कारणाने बाद. मग उरतं ते कोरडं आणि हातात धरता येणारं: मेथीचे पराठे, धपाटे, पोळीत गुंडाळलेली आलूची भाजी, मोकळा झुणका. पराठ्याची कणीक कोमट पाण्यात भिजवून मोहन थोडं जास्त घातलं की पराठा थंड झाला तरी वातड होत नाही. तूप लावत नाही, ते थंडीत गोठून तोंडाला चिकटतं. तेलच बरं. भाकरी मला फार आवडते, पण फ्रीजमध्ये ती तासाभरात कडक होते, म्हणून तिला घरच्याच ताटात ठेवते. ओलं खोबरं नाही, दही नाही. सांबार, म्हणजे कोथिंबीर, फोडणीतच परतून घेते, वरून कच्चा घालत नाही. सोबत जवसाच्या चटणीची छोटी पुडी. ती टिकते, पोटाला आधार देते आणि विदर्भातल्या माणसाला घरची वाटते. तिखटाचा हात मी आवरता ठेवते. नागपूरकराला हे पचणं कठीण, पण रात्रभर जागलेल्या, रिकाम्या पोटी चहा प्यायलेल्या माणसाला झणझणीत झुणका सोसत नाही.

भाताबद्दल एवढ्यासाठी लिहिते की लोक प्रेमाने मसालेभाताचे डबे आणून ठेवतात. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि शिजवल्याने ते सगळे मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की त्यांची वाढ होते आणि त्यातून जे विष तयार होतं त्यातलं एक पुन्हा गरम करूनही जात नाही. वासही येत नाही. म्हणजे त्या बाईचं नाकसुद्धा इथे कामाचं नाही. मी भात ठेवतच नाही.

शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 5 ते 60 अंश सेल्सिअस या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. आपल्याकडे नवतप्यात, म्हणजे मे अखेरीच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा 45 च्या वरही जातो, घरातलं स्वयंपाकघर चाळिशीला टेकलेलं असतं, तेव्हा मी दोन तासांची वाट पाहत नाही. भाजी मोठ्या परातीत पातळ पसरते, परात थंड पाण्याच्या घमेल्यात ठेवते, वर पंखा. वाफ गेली की लगेच डब्यात भरून घरच्या फ्रीजमध्ये. तिथे चांगली गार झाली की मगच बाहेरच्या फ्रीजकडे. गरम डबा थेट तिथे ठेवला तर आतलं सगळंच तापतं, दुसऱ्याने ठेवलेलंसुद्धा. फ्रीजमध्ये आम्ही एक छोटा थर्मामीटर टांगलाय. काटा 5 च्या वर रेंगाळला किंवा दुपारी बराच वेळ वीज गेली, तर शिजवलेलं सगळं काढून टाकायचं असं ठरलेलं आहे. टाकताना वाईट वाटतं. तरी टाकतो.

आता लेबल. माझ्या मते फ्रीजमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. प्रत्येक डब्यावर कागदी टेपची पट्टी, त्यावर मोठ्या अक्षरात: काय आहे, कधी केलं, कधीपर्यंत खावं, शाकाहारी की नाही. शेंगदाणे असतील तर तेही. खाली एक ओळ हिंदीत, कारण बालाघाटकडची माणसं असतात. आणि एक ओळ सगळ्या डब्यांवर असतेच: “पेशंटला देण्याआधी डॉक्टरांना विचारा.” मूत्रपिंडाच्या आजारात मीठ बेतून खावं लागतं, मधुमेहात वेगळं पथ्य. सोबतचा माणूस स्वतःचा घास पेशंटला भरवणार, हे आपण धरूनच चालायला हवं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2019 मध्ये जादा अन्न गोळा करून वाटण्यासाठी नियम केले, त्यातही लेबलवर भर आहे. ते नियम प्रामुख्याने संस्था आणि हॉटेलांसाठी असले तरी त्यामागचा विचार घरच्या डब्यालाही लागू पडतो. ब्रिटनमधल्या बऱ्याच सार्वजनिक फ्रीजमध्ये तर घरी शिजवलेलं घेतच नाहीत. आपल्याकडे घरचं अन्न चालतं, लोक विश्वासाने उचलतात. त्या विश्वासाला जपायचं तर पट्टी हवीच. अजून एक, पोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळू नका. छपाईची शाई अन्नात उतरते.

काही जण म्हणतात, पैसेच देऊन टाका ना एखाद्या संस्थेला. तेही द्यावेत, त्यात वाद नाही. आणि नागपुरात अन्नदानाची वाण कधीच नव्हती. रामनवमीला रस्तोरस्ती प्रसाद असतो, ताजबागेच्या दर्ग्यात लंगर असतो, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर येणाऱ्यांना जेवू घालायला घरंच्या घरं उतरतात. आपल्या गाडगेबाबांनी दशसूत्रीत पहिलंच सूत्र सांगितलं ते भुकेलेल्यांना अन्न, आणि त्यांच्या नावाची धर्मशाळा दादरला कर्करोगाच्या पेशंटना आणि नातेवाइकांना आजही आसरा देते. पण एखाद्या मंगळवारी ऑपरेशन दुपारी चारला संपतं, डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत रात्रीचे दहा वाजतात, तेव्हा ना भंडारा असतो ना खानावळ उघडी असते. त्या वेळेसाठी हा फ्रीज आहे.

मग उरलेल्याचं काय, हा प्रश्न राहतोच. उरलेलं तुमच्या घरी, तुमच्या फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तुम्हीच खा. पोळीचा कुस्करा आपल्याकडे आवडीने खातातच. अंदाज घेऊन कमी रांधलं तर तेही लागत नाही. लग्नाच्या हॉलमधलं जेवण तर कृपा करून रात्री एक वाजता फ्रीजमध्ये कोंबू नका. ते संध्याकाळपासून उघड्यावर असतं आणि पातेलंभर गरम भाजी त्या छोट्या फ्रीजला थंड करता येत नाही. त्यासाठी जेवण सुरू असतानाच येऊन, लगेच नेऊन, लगेच वाढणाऱ्या स्वयंसेवकांशी आधी बोलून ठेवायला हवं. फ्रीजला काय चालतं म्हणाल, तर न फोडलेली बिस्किटं, दुधाची बंद पाकिटं, फळं. हंगामात संत्री ठेवा. त्यांना लेबल लागत नाही, सोलायला सुरी लागत नाही.

तुम्ही पुन्हा पुन्हा विचारता म्हणून आता मीही एक मागते. शनिवारी फ्रीज भरलेला असतो, कारण त्या दिवशी अनेकांचा दानाचा नेम असतो. रविवारी मात्र तो जवळपास रिकामा असतो, आणि त्या दिवशी मेडिकलजवळच्या बऱ्याच छोट्या खानावळीही बंद असतात. तुमच्यापैकी कुणी महिन्यातला एक रविवार घेतला तर फार बरं होईल. आठ-दहा पराठे आणि चटणीच्या पुड्या, एवढंही पुष्कळ आहे. दुपारी चारपर्यंत आणून ठेवा. कागदी टेप आणि पेन फ्रीजवरच्या निळ्या डब्यात आहे.