अंग चोरणं

जाड माणसं खुर्चीत कशी बसतात ते एकदा निरखून बघा. अर्धं वजन पायांवर पेललेलं, पोट आत ओढलेलं, हात मांडीवर गोळा केलेले. मीही वर्षानुवर्षं अशीच बसले. दुचाकीवर मागे बसताना चालवणाऱ्याला धक्का लागू नये म्हणून श्वास रोखून अलगद टेकायचं, आणि फोटोत कुणाच्या तरी खांद्याआड सरकायचं. 'खायला काळ नि भुईला भार' हे लहानपणी इतकं ऐकलं होतं, की भुईवर आपला भार कमी पडावा याची काळजी अंगातच मुरली होती.

मैत्रिणीने आग्रह केला म्हणून एका नाचाच्या क्लासला गेले. हॉलमध्ये आरसा नाही हे पाहून माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यासाठीच दुसऱ्यांदा गेले, हे खरं.

तिथे कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन शिकवत. स्टीव्ह पॅक्स्टन या अमेरिकन नर्तकाने 1972 मध्ये याची सुरुवात केली. तो आधी जिम्नॅस्टिक्स करायचा, पुढे मर्स कनिंगहॅम या नृत्यदिग्दर्शकाच्या कंपनीत नाचला, आयकिडो ही जपानी युद्धकलाही शिकला, आणि या नाचात ते सगळं जाणवतं. ठरलेल्या स्टेप्स नाहीत. दोघांची शरीरं एकमेकांना कुठेतरी टेकतात, वजन इकडून तिकडे जातं आणि त्यातून जे घडेल तो नाच.

आधी नुसतं उभं राहायचं, डोळे मिटून. पॅक्स्टन याला 'स्मॉल डान्स' म्हणायचा. थोड्या वेळात कळतं, की आपण स्थिर नसतोच. घोट्याभोवतीचे, पोटऱ्यांचे स्नायू सतत तोल सावरत असतात आणि सगळं शरीर बारीक झुलत असतं. शाळेत मला 'ढिम्म' म्हणायचे. ते आठवून मिटल्या डोळ्यांनीच हसू आलं.

खरी पंचाईत पुढे होती. एकाने गुडघे नि तळहात टेकून घोडा व्हायचं (क्लासमध्ये त्याला 'टेबल' म्हणतात) आणि दुसऱ्याने त्याच्या पाठीवर आडवं व्हायचं. मी दर वेळी टेबल व्हायचे, तेही हौसेने. भक्कम म्हणून माझ्याकडे रांग लागायची. खाली राहण्यात सोय होती, कारण मग मला कुणी पेलायचा प्रश्नच येत नव्हता. आमच्या टीचरच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी मला एका हडकुळ्या मुलाबरोबर उभं केलं. म्हणाल्या, ''आज तू वर.''

मी त्याच्या पाठीवर झुकले, म्हणजे झुकल्यासारखं केलं. पायाची बोटं जमिनीवर, हात जमिनीवर, पोट त्याच्या पाठीला जेमतेम लागलेलं.

''ताई, तुम्ही अजून स्वतःलाच धरून ठेवलंय. सोडा ना अंग.''

''मोडशील रे.''

''असंच ठेवलंत तर मोडेन.''

टीचरनी समजावलं ते साधं गणित होतं. वजन त्याच्या कमरेच्या खोलगट भागावर न टाकता मागे, ओटीपोटाच्या हाडांवर टाकलं, की ते मांड्यांच्या हाडांतून सरळ जमिनीत उतरतं. स्नायूंना फारसं काम राहत नाही. पण वरच्याने अंग चोरलं, की भार क्षणाक्षणाला सरकतो आणि खालच्याला प्रत्येक वेळी नव्याने सावरावं लागतं. म्हणजे माझ्या शिष्टाचाराचा त्रास त्यालाच होत होता!

जरा मागे सरकले आणि हात उचलले. मग पाय. आयुष्यभर आत ओढलेलं पोट त्याच्या पाठीवर मनसोक्त पसरलं आणि त्याचा श्वास माझ्या बरगड्यांना लागू लागला. ''हां, आता बरंय,'' तो म्हणाला आणि त्याने चक्क जांभई दिली. माझ्या वजनाबद्दल मला आजवर मिळालेली ही सर्वांत छान दाद.

'स्वतःच्या शरीरावर प्रेम करा' वगैरे मला अजून जमत नाही, आणि ती सक्ती वाटते. दंडांकडे बघितलं की आजही कपाळावर आठी येते. पण खुर्चीत आता मी पाठ टेकून बसते. ''जोड्या करा'' म्हटल्यावर नजर चुकवून पलीकडे सरकणारा कुणीतरी क्लासमध्येही असतोच. ते दिसतं आणि लागतंही.

मला जास्त नवल वाटतं ते नकार देण्याचं. या नाचात कुणीही, कधीही, कारण न देता बाजूला होऊ शकतं. माझ्यासारखीला हे शिकायला वेळ लागतो, कारण कुणी निवडलं याचंच इतकं अप्रूप असतं की 'नको' म्हणायची हिंमत होत नाही. परवा एकाला म्हटलं, ''आज नाही.'' तो ''बरं'' म्हणून दुसरीकडे वळला, आणि मी पुढचा अख्खा वेळ एकटीच जमिनीवर गडाबडा लोळत नाचले.