झिनियाने मान टाकणं थांबवलं!

शेवटी जमलं एकदाचं. मागच्या अपडेटमध्ये रडगाणं गायलं होतं ना, सकाळी फुलदाणीत ताठ उभा केलेला झिनिया संध्याकाळी मान टाकून बसतो म्हणून, ते कोडं सुटलं. आत्ताची गुलाबी-केशरी फुलं आठवडा होत आला तरी ताठ आहेत.

तुम्ही सांगितलेलं सगळं करून झालं होतं, साखर, ॲस्पिरिन, तांब्याचं नाणं, देठ पाण्याखाली तिरका कापणं, वर्तमानपत्रात गुंडाळून खोल बादलीत ठेवणं. शेवटचे दोन उपाय गुलाबाला खरंच लागू पडतात, देठात हवा अडकली की पाणी वर चढत नाही म्हणून. पण झिनियाचं दुखणं पाण्यात नाहीच, कापायच्या वेळेत आहे. पाकळ्या उघडल्या, रंग भरला की आपल्याला वाटतं फूल तयार, पण फुलाखालची मान तेव्हा कोवळीच असते आणि कापल्यावर ती काही पक्की होत नाही. म्हणून आता फुलाच्या वीतभर खाली देठ चिमटीत धरायचा नि हलकेच हलवायचा. वरचं फूल लटलटलं तर राहू दे झाडावर, अख्खा देठ एकसंध हलला तरच सिकेटर (छाटणीची कात्री) लावायचा. एकाच झाडावरची दोन फुलं, दिसायला अगदी सारखी, त्यातलं एक लटलटतं आणि दुसरं कडक! कडक असलेल्याच्या मधोमध बारीक पिवळ्या चांदण्यांचं कडं आलेलं असतं, पण भरगच्च डबल जातीत ते पाकळ्यांत दडतं, त्यामुळे हलवूनच बघा.

पाण्याचं म्हणाल तर झिनिया ते लवकर घाण करतो. बुडणारी पानं सगळी काढायची आणि लिटरभर पाण्यात ब्लीचचे दोन-चार थेंब, बास. नुसती साखर टाकली तर जंतूंचीच चंगळ. आणि फ्रिजमध्ये ठेवू नका कृपया, थंडी सोसत नाही त्याला.

पिनहोल्डरबद्दल, म्हणजे फुलांचे देठ खुपसून उभे करायच्या पिनांच्या बैठकीबद्दल, विचारलं होतं कोणीतरी. ऑनलाइन मागवलेल्याच्या पिना जाड देठ खुपसला की वाकतात, फालतू माल. जुन्या बाजारात मिळालेला पितळी मात्र लाजवाब, वजनानेच जागचा हलत नाही. फुलं खोचायचा हिरवा स्पंज मी वापरत नाही, प्लास्टिकच आहे ते, चुरा होऊन जातं कुठे?

पुढचं. भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) लागलेली झिनियाची झाडं उपटली, नवीन रोपांचे शेंडे वीतभर झाल्यावर खुडणार म्हणजे फांद्या फुटून देठ लांब मिळतील. मोकळ्या कुंड्यांत डेलिया लावायचा होता, पण तो कापल्यावर पुढे फारसा उमलत नाही, जवळपास पूर्ण उघडल्यावरच तोडावा लागतो आणि तोवर आमच्याकडचे किडे पाकळ्या कुरतडतात. हे लिहिता लिहिताच सुचलं, मला खरं तर फूल नकोय, मोठ्या रंगांच्या मधे भरायला काहीतरी झिरझिरीत पांढरं हवंय, आणि ते तर स्वयंपाकघरातच आहे की, धणे! कोथिंबीर खुडायची नाही, फुलोऱ्यावर जाऊ द्यायची. पिवळ्यासाठी शेपू. डेलिया रद्द, धणे आजच रगडून पेरते. कोथिंबिरीचा फुलोरा पाण्यात किती टिकतो, कोणी ठेवून बघितलाय का? आणि वास येतो का त्याला, कारण फुलदाणी जेवणाच्या टेबलावर असते.