टोपलीखाली काहीच नव्हतं

पहिली टोपली उचलली, खाली नुसती वाळू. दुसरी उचलली, तीच गत. तिसऱ्या टोपलीजवळ कासवमित्र, म्हणजे कासवांची घरटी राखणारा माणूस, गुडघ्यावर बसला, हाताने वरची वाळू हलकेच बाजूला केली, जरा थांबला आणि टोपली पुन्हा पालथी घातली. दोरीपलीकडे आम्ही साठ-सत्तर माणसं कासवाची पिल्लं बघायला उभी होतो. पोरं बापांच्या खांद्यांवर, मोबाईल सगळ्यांच्या हातात. "आज नाही," तो म्हणाला. "संध्याकाळी बघू."

वेळासच्या किनाऱ्यावर तेव्हा नुकतं उजाडलं होतं. सुरूच्या बनातून गार वारा येत होता. माझ्या शेजारी उभे असलेले एक गृहस्थ, बायको-मुलांना घेऊन रात्रभर गाडी चालवत आलेले, मोठ्याने म्हणाले, "मग आमचे पैसे परत मिळणार का?"

कोणी हसलं नाही, कोणी बोललंही नाही. त्यांच्या धाकट्या मुलीचं तोंड रडवेलं झालं होतं, त्यामुळे मला त्यांचा रागही येईना. पण तो प्रश्न त्यानंतर दोन दिवस माझ्या डोक्यातून गेला नाही. आपण पैसे देतो ते नक्की कशाचे?

मी पुण्यात अर्थशास्त्र शिकवते. निसर्गाची किंमत कशी मोजायची हा धडा दर वर्षी फळ्यावर लिहिते, आणि तो दर वर्षी कोरडाच राहतो. म्हणून यंदा मार्चमध्ये परीक्षांचं काम आटोपल्यावर आईला घेऊन निघाले. ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा, मग बागमांडल्याच्या धक्क्यावर फेरीबोट. सावित्रीची खाडी ओलांडली की पलीकडे रत्नागिरी जिल्हा लागतो. बाणकोटच्या किल्ल्याजवळून पुढे गेलं की वेळास. नाना फडणवीसांचं गाव म्हणून आईला ते शाळेपासून माहीत होतं. कासवांचं गाव म्हणून त्याची ओळख गेल्या वीसेक वर्षांतली.

ती कशी झाली हे आमच्या काकूंनी सांगितलं. काकू म्हणजे ज्यांच्या घरी आम्ही उतरलो त्या. पूर्वी अंडी घालायला आलेल्या मादीचा माग काढून लोक घरटं उकरत आणि अंडी घेऊन जात. उरलंसुरलं कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडाची घरटी शोधत या बाजूला फिरत होते. तेव्हा त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. २००२ साली त्यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून काम सुरू केलं. पुढे चार-पाच वर्षांनी कासव महोत्सव सुरू झाला, आणि मग अंजर्ले, कोळथरे, गुहागर असं एकेक गाव या कामात येत गेलं. इथे अंडी घालणारं ऑलिव्ह रिडले हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्याचं संरक्षण वाघाइतकंच. पण पहाटे चार वाजता किनाऱ्यावर कायदा फिरत नाही, माणूस फिरतो.

"आधी फेब्रुवारी-मार्चात इकडे कोण येणार हो?" काकू आंबोळ्या घालताना म्हणाल्या. "चाकरमानी यायचे ते गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. आता कासवांमुळे पाहुणे येतात. निसर्ग वादळात आमची सुपारी आडवी झाली, नारळ गेले. सुपारीचं झाड नव्याने लावलं तर फळ धरायला किती वर्षं लागतात तुम्हीच सांगा. तेवढी वर्षं या दोन खोल्यांनीच घर चालवलं." ३ जून २०२०. मी तारीख लक्षात ठेवून होते, त्या त्यांच्या वाडीतली झाडं मोजून होत्या.

त्या सकाळी परत फिरताना मी कासवमित्राला गाठलं. तिशीतला मुलगा, पायात चप्पल नाही, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. त्याने मला हॅचरीतल्या, म्हणजे किनाऱ्यावरून आणलेली अंडी जिथे राखतात तिथल्या, पाट्या दाखवल्या. जाळीच्या कुंपणात रांगेने घरटी, प्रत्येकापुढे एक पत्र्याची पाटी. एकीवर लिहिलं होतं: ता. १८ जानेवारी, अंडी ११२. आम्ही उभे होतो तो दिवस एक्कावन्नावा. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्लं बाहेर येतात, पण कोणत्या दिवशी हे ठरवणारी वाळूची ऊब. त्याच उबेवर नर की मादी हेही ठरतं, जास्त ऊब असली की माद्या जास्त.

"घरटं सापडतं कसं?" मी विचारलं.

"माग दिसतो ना. ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखा. येतानाचा एक, जातानाचा एक. दोन्ही मिळतात तिथे काठी टोचून बघायची, वाळू भुसभुशीत लागली की हाताने उकरायची. फावडं नाही चालत." मग त्याने दोन्ही तळवे जोडून ओंजळ दाखवली. "अंडी अशी उचलायची. जशी असतील तशीच. उलटी झाली तर आतलं पिल्लू मरतं. इथे आणून पुन्हा तसाच खड्डा, तोंडाशी बारीक, तळाशी गोल. सुरईसारखा. दीड फुटाच्या आतबाहेर. मादीने पायाने खणलेला असतो तो आपण हाताने करायचा."

अंड्यांच्या हंगामात तो रोज पहाटे उठतो. हंगामापुरतं मानधन मिळतं, बाकी वर्ष आंब्याची बाग आणि पावसात भात. "दोन-दोन आठवडे घरटं मिळत नाही कधी. तरी जायचं. एक दिवस चुकलो आणि त्याच दिवशी आली तर?"

तिथेच मला फळ्यावरचा तो कोरडा धडा आठवला. १९६७ साली जॉन क्रुटिला या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने एक साधी गोष्ट मांडली होती: जी जागा, जो प्राणी मी कधीच पाहणार नाही, तो आहे एवढंच कळणं हेसुद्धा माझ्यासाठी मोलाचं असू शकतं. पुढे त्याला अस्तित्वमूल्य म्हणू लागले. मार्च १९८९ मध्ये एक्सॉन व्हाल्डेझ या जहाजातलं तेल अलास्काच्या समुद्रात सांडलं, तेव्हा या कल्पनेची कसोटी लागली. असा अपघात पुन्हा होऊ नये म्हणून तुम्ही किती द्याल, असं अमेरिकाभरातल्या घरांना विचारलं गेलं. त्यातल्या बहुतेकांनी तो किनारा पाहिलेला नव्हता, पाहायला जाणारही नव्हते. तरी मधला आकडा दर घरामागे तीसएक डॉलर निघाला, आणि सगळ्या देशाचा हिशेब अब्जांत गेला. "असं विचारून किंमत कळते का?" यावर इतका वाद झाला की १९९२ मध्ये केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या दोन नोबेलविजेत्यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती बसवावी लागली. समितीचं म्हणणं थोडक्यात असं: विचारा, पण नीट विचारा. "किती द्याल?" असं मोघम नको. "एवढी रक्कम, या कामासाठी, देणार की नाही?" असं विचारा, आणि हा पैसा तुमच्या इतर खर्चातूनच जाणार आहे याची आठवण करून द्या.

रात्री काकूंच्या पडवीत पंगत उठल्यावर मी हे करून पाहिलं. कुळथाचं पिठलं, भात आणि वर सोलकढी पोटात गेलेली, त्यामुळे सगळी मंडळी बोलायच्या मनःस्थितीत होती. अकराजण होते. मी समितीचा सल्ला पाळला नाही, सरळ विचारलं, "हॅचरीसाठी माणशी जास्तीचे किती द्याल?" आकडे भराभर आले. शंभर, दोनशे, एकाने तर पाचशे. ठाण्याची कॉलेजमधली मुलगी म्हणाली, "पिल्लू दिसलं तर दोनशे, नाही दिसलं तर पन्नास." बँकेतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, "एक रुपयाही नाही. आम्ही टॅक्स भरतो, हे काम सरकारने करावं." त्यांच्या 'नाही'ला कासवं नकोत असा अर्थ नव्हता. दिवसभर तेच पोरांना हात लावू नका म्हणून दटावत होते. पाहणी करणारे अशा शून्याला वेगळं काढतात ते का, हे मला त्या पडवीत पहिल्यांदा नीट समजलं.

साताऱ्याच्या एक नर्सबाई सगळ्यांत शेवटी बोलल्या. "मी दर वर्षी देईन. पण पावतीवर लिहा की हे पैसे कुठे गेले. जाळीला गेले, बॅटरीला गेले की त्या मुलाला गेले."

मला वाटतं सगळी गोष्ट इथे आहे. कॅरिबियन समुद्रातल्या बोनेअर बेटावर १९९२ पासून पाणबुड्या पर्यटकांकडून सागरी उद्यानासाठी वर्षाला दहा डॉलर घेऊ लागले. त्याच सुमारास केलेल्या पाहणीत बहुतेकांनी दहा द्यायला हरकत नाही असं सांगितलं, आणि बरेच जण वीससुद्धा द्यायला तयार निघाले. त्या पैशातून उद्यानाची व्यवस्था चालते हे तिथे येणाऱ्याला माहीत असतं. आणि आपल्याकडे? दोन वर्षांपूर्वी मी मालवणला स्कूबा केलं. मागितले तेवढे पैसे दिले, पाण्याखालच्या व्हिडिओचे वेगळे दिले, घासाघीस केली नाही. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, एकोणतीस चौरस किलोमीटरचं, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालचं पाणी त्याच्या गाभ्यात येतं. त्या दिवशी बोटीत आम्ही आठजण होतो. अभयारण्याचं नाव कोणीच काढलं नाही. मीही नाही. मी पैसे दिले होते मासे दिसण्याचे. ते मासे, ती प्रवाळं तिथे टिकावीत याचा एक रुपया माझ्याकडे कोणी मागितला नाही, आणि मागितला असता तर मी दिला असता. याची मला आजही खंत वाटते.

सकाळी ज्या टेबलावर पावतीपुस्तक होतं तिथे मी थोडा वेळ रेंगाळले. रात्रीच्या अकराजणांपैकी चारजणांनी पाकीट काढलं. पाचशेवाले आले नाहीत. निवृत्त काका आले आणि शंभराची नोट ठेवून गेले, पावती न घेता.

आईने मात्र आदल्या दिवशीच पैसे दिले होते, रिकाम्या टोपल्या बघून परतताना. माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. मी विचारलं, "काहीच दिसलं नाही, तरी?" ती म्हणाली, "अगं, तो मुलगा चारला उठला होता ना." आणि काकूंकडून कोकमाचा दर विचारायला निघून गेली.

कासवमित्राने मला आणखी एक गोष्ट सांगितली. २०२२ च्या जानेवारीत वेळासच्याच एका मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवला आणि तिचं नाव ठेवलं प्रथमा. पुढच्या वर्षी गुहागरला टॅग लावलेली बागेश्री खाली उतरत श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर टॅग सापडला तो ओडिशाचा, २०२१ साली तिथल्या किनाऱ्यावर लावलेला. साडेतीन हजार किलोमीटर. "म्हणजे बघा ताई," तो म्हणाला, "आपण इथे सोडलेलं पिल्लू कोणाच्या किनाऱ्यावर जाईल काय सांगावं." त्याच्या आवाजात त्याची तक्रार नव्हती. उलट तो खूश होता.

निघायचं त्या दिवशी, दुसऱ्या सकाळी, गर्दी निम्म्यावर आली होती. पैसे परत मागणारं कुटुंब रात्रीच गेलं. १८ जानेवारीच्या पाटीमागची टोपली उचलली तेव्हा खाली वाळू हलत होती. आधी एक काळं नाक, मग एक वल्ह्यासारखा पाय. तळहाताच्या निम्मं पिल्लू, पाठीवर ओल्या वाळूचे कण. एकूण चार. कासवमित्राने ती टोपलीत घेतली आणि पाण्यापासून दहा-बारा पावलांवर सोडली. इथून स्वतःच्या पायांनी चालत गेली तरच या वाळूची ओळख पक्की होते असं मानतात, म्हणून हात लावायचा नाही. तीन पिल्लं सरळ गेली. चौथं कोणाच्या तरी बोटाने दाबल्या गेलेल्या खळग्यात अडकलं, दोनदा उलटं पडता पडता वाचलं, थांबलं. आई दोरीशी ओणवी होऊन पुटपुटत होती, "चल गं, चल." एक लाट आली, फेस अंगावरून गेला, आणि वाळूवर काहीच उरलं नाही.

लोक टाळ्या वाजवत होते. कासवमित्र तोपर्यंत हॅचरीत परत गेला होता. त्याने खिशातून खडू काढला, पाटीवर ११२ च्या खाली ४ लिहिलं, आणि त्या घरट्यावर टोपली पुन्हा पालथी घातली.