टेपपासून वहीपर्यंत

गुरुवार, रात्र

आज मानसशास्त्रज्ञ मॅडमनी चाचण्यांचा निकाल समजावून सांगितला. आत गेलेली गोष्ट माझ्या डोक्यात नीट टिकते. ती आत पोचायच्या आधीच लक्ष निसटतं, आणि विचाराचा वेग मंदावलाय. ऐकून मला रडूच आलं, सुटल्यासारखं वाटून. केमो संपल्यापासून मनात एकच भीती होती, आईला झाला तसा स्मृतिभ्रंश आपल्यालाही होतोय की काय.

नेमकं काय होतं? गिऱ्हाईक समोर उभं असतं. मी टेप लावते, छातीचं माप घेते, वहीकडे वळते, तोवर आकडा गेलेला असतो. पुन्हा टेप लावायचा. मुंढा किती खोल कापायचा हे मात्र हात अजूनही न विचारता ठरवतात. मधे कुणी बोललं किंवा फोन वाजला की सगळं पुसलं जातं. रेडिओ लावून शिवायची सवय त्यामुळेच सुटली, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

घरात सगळे म्हणायचे, "वय झालं की होतंच गं." तपासणीला गेल्यावर मी "विसरायला होतं" इतकंच सांगायचे. गाठ, रक्त, हाडं यांच्या बोलण्यात ते वाहून जायचं. डोक्याचा एमआरआय स्वच्छ आला आणि विषयच मिटला. मग धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, जे घडेल ते त्याच दिवशी लिहून ठेवा. किती वाजता, आधी झोप कशी झाली होती, सगळं." तिचं ऐकलं. पुढच्या वेळी डॉक्टरांपुढे ती पानं ठेवली. त्यांनी ती सावकाश वाचली, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२ तपासायला लावलं आणि मॅडमच्या नावाने चिठ्ठी दिली.

मॅडमकडच्या चाचण्या दमवणाऱ्या होत्या. आकडे उलटे म्हणायचे, शब्दांची यादी बऱ्याच वेळाने पुन्हा सांगायची, कागदावर विखुरलेले अंक आणि अक्षरं आळीपाळीने जोडायची. स्मृतिभ्रंश ओळखायच्या छोट्या चाचणीत आमच्यासारखे लोक सहज पास होतात, म्हणून ही वेगळी तपासणी लागते. या विषयावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०११ मध्येच सांगून ठेवलंय की शिकणं-आठवणं, वेग आणि कामाची आखणी या गोष्टी मुद्दाम तपासाव्यात. म्हणजे माझ्या मनाचे खेळ नव्हते ते.

सगळे याला केमो ब्रेन म्हणतात, पण दोष एकट्या केमोचा नाही. ऑपरेशन, हार्मोनच्या गोळ्या, अवेळी आलेली रजोनिवृत्ती, शरीरातला दाह, थकवा, तुटलेली झोप, सगळ्याचाच हात असू शकतो. काहींना तर उपचार सुरू व्हायच्या आधीच हे जाणवतं. कॅन्सरमधून गेलेल्या आम्हा बायकांचा एक गट आहे, त्यात कोथरूडच्या एक काकू आहेत, त्यांना केमो दिलीच नव्हती. त्यांनी गॅसवर दूध ठेवून खाली फिरायला गेल्याचं सांगितलं, तेव्हा सगळ्या जणी एकदम बोलायला लागल्या. घरच्यांना जे तासभर समजावूनही पटत नाही, ते तिथे अर्ध्या वाक्यात कळतं.

यावर खात्रीची अशी गोळी नाही, हे मॅडमनी स्पष्टच सांगितलं. बहुतेकांचं हळूहळू सुधारतं, काहींचं लांबतं. व्यायामाने फरक पडतो, म्हणून सकाळी सहकारनगरमधून तळजाईवर चालत जाते. दुकानात माप घेताना मी आकडा मोठ्याने म्हणते आणि हाताखालची मुलगी तेव्हाच वहीत लिहिते. कटिंग सकाळीच, डोकं ताजं असताना. दुपारी नुसती हातशिलाई. माझी हार्मोनची गोळी, लेट्रोझोल, तिच्याबद्दलही विचारून घेतलं. ती आपल्या मनाने बंद करायची नाही, शंका असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलायचं.

ह्यांना आज निकालाचा कागद वाचायला दिला. वाचून म्हणाले, "मग लाइटबिल, बँक, एलआयसी आजपासून माझ्याकडे." मला हेच हवं होतं. "काळजी करू नकोस" ऐकून ऐकून मी थकले होते.

पलीकडच्या सोसायटीत एक शिक्षिका आहे, तिचे उपचार नुकतेच संपलेत. वर्गात मुलांची नावं आठवेनात म्हणून ती नोकरी सोडायला निघाली आहे. राजीनामा द्यायच्या आधी तिला मॅडमकडे घेऊन जायचंय. उद्या शाळा सुटली की फोन करते, आणि तिलाही सांगते, आधी वहीत लिहायला लाग.