तुम्ही विचारलेत म्हणून: बाहुली आणि राजा

हिब्रूविषयी कुठेही बोललो की एक प्रश्न हमखास येतो: जी भाषा घरात कोणी बोलतच नव्हते, तिच्यात शाळेची पुस्तके लिहिली तरी कशी, आणि त्यातही इतिहासाचे पुस्तक इतक्या लवकर कसे निघाले? मला वाटते, अवघड होते ते बाहुलीविषयीचे वाक्य. राजांविषयीची वाक्ये त्या मानाने हाताशी होती.

हिब्रूला मृत भाषा म्हणण्याची पद्धत आहे, पण प्रार्थनेत, धर्मचर्चेत आणि विद्वानांच्या पत्रव्यवहारात ती कधीच थांबली नव्हती. बाजारातून आणि स्वयंपाकघरातून मात्र ती उठून गेली होती. हिब्रूला पुन्हा बोलीभाषा करण्याचा ध्यास घेतलेले एलिएझर बेन-येहुदा १८८१ मध्ये जेरुसलेमला आले, तेव्हा तिथल्या ज्यू घरांत यिडिश (जर्मनवर आधारलेली ज्यूंची बोली), लादिनो (स्पॅनिशवर आधारलेली) किंवा अरबी चालत असे. बाहुलीसाठी त्यांनी ‘बुबा’ हा शब्द आणला. कोशासाठीचा ‘मिलोन’ हा शब्दही त्यांनीच घडवलेला. याउलट वेढा, खंडणी, तह, गादी यांचे शब्द बायबलमध्ये केव्हाचे तयार होते. ‘वायिम्लोख’, म्हणजे ‘आणि त्याने राज्य केले’, हे क्रियापद धर्मशिक्षणाच्या शाळेत बसलेल्या मुलाच्या कानावर आधीच पडलेले असे.

जेरुसलेममधले मुख्याध्यापक निस्सिम बेहार यांच्या शाळेत बेन-येहुदांनी हिब्रू हिब्रूतूनच शिकवायला घेतली, त्यामागे तत्त्व होते तशी सोयही होती, कारण वर्गातल्या मुलांच्या घरच्या भाषा वेगवेगळ्या असल्या तरी हिब्रूची तोंडओळख बहुतेकांना होती. आपल्याकडे चाल वेगळी होती: मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मुंबईत हिब्रूचे व्याकरण काढले ते मराठीतून, कारण कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू मंडळींची बोलण्याची भाषा मराठीच होती. जेरुसलेमच्या त्या वर्गात असा सर्वांच्या घरच्या एका भाषेचा आधार नव्हता.

बेन-येहुदांचे इतिहासाचे पुस्तक १८९२ मध्ये जेरुसलेमला छापले गेले. त्याच्या लांबलचक नावाचा अर्थ असा: ‘इस्राएलच्या संतानांचा, ते आपल्या भूमीवर राहत असतानाचा, संक्षिप्त इतिहास’. त्यातला ‘दिव्रे हायामिम’ हा इतिहासासाठीचा शब्द म्हणजे ‘दिवसांच्या गोष्टी’, आणि तेच बायबलमधल्या एका ग्रंथाचे नाव. मी त्याचे भाषांतर ‘बखर’ असे करीन. (आज इस्राएलमधले शाळकरी मूल याच विषयाला बिनदिक्कत ‘हिस्टोरिया’ म्हणते.)

मला खटकतात ते मात्र ‘आपल्या भूमीवर राहत असतानाचा’ हे शब्द. बगदाद, कोर्दोबा, पोलंड ही सारी परागंदा शतके त्या चौकटीबाहेर राहतात, आणि हिब्रू जपली गेली ती तर त्याच शतकांत, तिथल्याच पोथ्यांत. शेतीच्या नव्या वसाहतींत वाढणाऱ्या मुलाला पूर्वज म्हणून शेतकरी आणि योद्धे हवे होते, फेरीवाले आणि पंडित नकोत, हे मी समजू शकतो. तरीही ज्यांनी भाषा सांभाळली त्यांना पाठ्यपुस्तकाच्या उंबऱ्याबाहेर ठेवणे मला कृतघ्नपणाचे वाटते.

जुन्या शब्दांत इतिहास सांगणे सोपे होते, पण निर्धोक नव्हते. १८९३ च्या हनुक्काला, म्हणजे परकीय राजवटीविरुद्ध लढलेल्या मक्काबी या प्राचीन ज्यू योद्ध्यांच्या विजयाच्या सणाला, बेन-येहुदांच्या वृत्तपत्रात त्यांच्या सासऱ्यांचा लेख आला, आणि त्यात ‘हायिल गोळा करून पुढे जाऊ’ अशा अर्थाचे शब्द होते. ‘हायिल’ म्हणजे बळ, आणि सैन्यसुद्धा. पवित्र भाषा रस्त्यावर आणल्याबद्दल ज्यांचा बेन-येहुदांवर आधीच राग होता, त्या सनातनी विरोधकांनी ऑटोमन (तुर्की) अधिकाऱ्यांपुढे दुसरा अर्थ ठेवला: हे बंडाचे आवाहन आहे. बेन-येहुदांना तुरुंगात टाकण्यात आले, शिक्षाही झाली, आणि अपिलात ते सुटले.